वाचकांचे प्रश्न : सायकलवरचा पाहुणा वस्तीवर येतो तेव्हा

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांचा सूर बराचसा सारखा होता. पुण्या-मुंबईहून सायकलनं निघायचं आणि सातारा-सांगलीच्या पट्ट्यात एखाद्या शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करायचा. त्यातले सात प्रश्न इथं घेतले आहेत. एक पत्र यजमानाच्या बाजूनं आलं आहे.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही तिघं पुण्याहून सायकलनं निघतोय. तासगाव तालुक्यात मित्राच्या मामांची द्राक्षबाग आहे, तिथं वस्तीवर एक रात्र राहायचंय. मामा फोनवर म्हणाले, "कवाबी या, घर तुमचंच हाय." खरंच कधीही गेलं तर चालतं का?
— एक वाचक, चिंचवड

आमंत्रण मनापासूनचंच असतं. त्यात वेळ सांगितलेली नसते, ती आपण ओळखायची.

मळ्यातल्या घराचा दिवस दोन धारांमध्ये बांधलेला असतो. पहाटे पाच ते साडेसहा पहिली धार, मग दूध डेअरीत घालायची घाई. संध्याकाळी पाच ते सात पुन्हा तेच. त्या दोन तासांत घरातलं माणूस मोकळं नसतं. कुणी वैरण टाकतं, कुणी शेण काढतं, कुणी किटली घेऊन निघालेलं असतं. तुम्ही सव्वासहाला दारात उभे राहिलात, तर कुणीतरी धार अर्धी टाकून तुम्हाला पाणी द्यायला येणार. म्हशीला ते चालत नाही. अनोळखी माणूस, चकाकणारं हेल्मेट, लुकलुकणारा मागचा लाल दिवा एवढ्यानं ती बुजते आणि पान्हा चोरते. सडांना हात लावल्यावर पान्हा सुटतो तो जेमतेम काही मिनिटं टिकतो. त्यात जनावर भेदरलं तर दूध वर ओढलं जातं आणि त्या वेळेचं लिटर-दोन लिटर दूध बुडतं. घरचे तुम्हाला बोलून दाखवणार नाहीत. म्हणून गोठ्याच्या अलीकडेच उतरा, दिवे बंद करा, सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवू नका.

पोचायची चांगली वेळ दुपारी साडेतीन ते साडेचार. हिशेब असा बसतो : सामानासकट ताशी सोळा किलोमीटर धरले तर ८० किलोमीटरला पाच तास. चहा-नाश्त्याचे थांबे दीड तास, दुपारच्या उन्हात अडीच तास सावली. सकाळी सहाला निघालात तर तीनला पोचता. एखादं पंक्चर झालं तर साडेतीन. दिवसाला ८० पेक्षा जास्त ठरवलंत की हा हिशेब मोडतो आणि अंधारात वस्ती शोधायची पाळी येते. वस्तीला पाटी नसते. फोनवरचा नकाशा गावठाणात नेऊन सोडतो आणि पुढचे तीन किलोमीटर "पाण्याच्या टाकीपासून डाव्या अंगानं, मग डीपीपाशी वळा" असे असतात. डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर. ही खूण लिहून घ्या, कारण अशा वाटेवर विचारायला माणूस भेटेलच असं नाही.

आदल्या दिवशी एक फोन आणि गावाच्या फाट्यावरून दुसरा. पहिल्या फोनवर किती जण, जेवणार आहात का, मटण-अंडं चालतं का, एवढं सांगायचं. सोमवार, गुरुवार, शनिवार किंवा एकादशी असेल तर घरात कुणाचा तरी उपास असण्याचा संभव मोठा, म्हणून "जे असेल ते" असं मोघम बोलू नका. दुसरा फोन चुलीसाठी. तिघांच्या बारा-चौदा भाकरी वाढल्या की पीठ मळण्यापासून तासाभराचं काम वाढतं, आणि ते एकाच बाईच्या वाट्याला येतं.

आता द्राक्षबागेची गोष्ट वेगळी, आणि तुमच्या पत्रात डिसेंबर लिहिलाय म्हणून सांगतो. ऑक्टोबर छाटणीच्या बागा तेव्हा मणी धरण्याच्या आणि फुगवणीच्या टप्प्यात असतात. विरळणी, घड औषधात बुडवणं, मजुरांच्या टोळ्या असं सगळं एकाच वेळी चालू असतं. त्यात हवा ढगाळ झाली किंवा अवकाळी पाऊस शिंपडला की डावणी रोगाच्या भीतीनं रात्री-बेरात्रीही ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, बाहेर काढावा लागतो. निघायच्या आदल्या दिवशी तासगावकडं ढग असतील तर मामांना तुम्हीच विचारा, "बागेची गडबड असेल तर आम्ही परवा येऊ का?" हे वाक्य ऐकून बागायतदाराला तुमच्याबद्दल जे वाटेल ते पेढ्याच्या पुड्यानं होत नाही.

बागेत गेलात तर घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणी आणि काढणी यांत औषधागणिक ठरलेले दिवस सोडावे लागतात, आणि ते किती उरलेत हे मालकालाच ठाऊक असतं. बांधावरचं निळं दोनशे लिटरचं बॅरल आणि ठिबकच्या टाकीचा नळही तसाच. तिथं बाटली भरायची नाही, विसळायचीसुद्धा नाही. एकात फवारणीचं मिश्रण केलेलं असतं, दुसऱ्यातून विद्राव्य खत जातं. प्यायचं पाणी घरातूनच मागून घ्या.

प्रश्न : पुणे ते तासगाव हायवे टाळून जाता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

येईल, तीन दिवसांत. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद असा पालखी मार्ग पहिल्या दिवशी. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. दुसऱ्या दिवशी सालपे घाट चढून वाठार स्टेशन, कोरेगाव, रहिमतपूर आणि औंध. तिसऱ्या दिवशी पुसेसावळीमार्गे विटा आणि तासगाव. रोज पाऊणशेच्या आसपास पडतात. औंधला लवकर पोचलात तर यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय चुकवू नका. मात्र ते बंद व्हायच्या वेळेची चौकशी सकाळीच करा, नाहीतर घाटाचा चढ फुकट.

कंटाळा आला किंवा काही मोडलं तर पुणे-मिरज रेल्वे बराच काळ जवळच असते : वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, पुढं किर्लोस्करवाडी, भिलवडी. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) चढवायची तर गाडी बऱ्यापैकी वेळ थांबणारं मोठं स्टेशन गाठावं. एक मिनिटाच्या थांब्यावर ते जमत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी माण-खटाव भागात दोन दिवसांत नऊ पंक्चर झाले. नवीन ट्यूब घातली तरी किलोमीटरभरात परत हवा जायची. टायर खराब होता का?
— एक वाचक, ठाणे

टायर खराब नव्हता, टायरमध्ये काटा राहिला होता. नऊपैकी निम्मे पंक्चर एकाच काट्याचे असावेत.

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात तीन शत्रू आहेत. पहिला वेड्या बाभळीचा काटा : लांब, सरळ, टणक. रस्त्याकडेची झुडपं तोडून ढीग केलेले असतात, तिथं तो सांडतो. दुसरा देशी बाभळीचा, पांढरा. तिसरा सराटा. तो जमिनीलगत पसरतो, फळ हरभऱ्याएवढं, आणि कसंही पडलं तरी त्याचं एक टोक वर राहतं. सराटा डांबरावर कमी आणि घराच्या अंगणाकडं जाणाऱ्या पायवाटेवर जास्त असतो. म्हणजे दिवसभर नीट आलेली सायकल शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पंक्चर होते आणि ते सकाळी निघताना कळतं.

काटा आत जातो, बाहेरचा भाग रस्त्यावर घासून तुटतो, आणि दोन-तीन मिलिमीटरचं टोक टायरच्या जाडीत अडकून बसतं. बाहेरून दिसत नाही. बोटानं चाचपलं तर नुसतं खरखरीत लागतं. टायर फुगवला आणि अंगावर वजन आलं की ते टोक आत निघतं. म्हणून क्रम असा ठेवा.

चाक काढायच्या आधी टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या शेजारी आहे का ते बघा. नसेल तर खडूनं खूण करा. ट्यूब काढून फुगवा, भोक शोधा, आणि ट्यूब टायरशेजारी तशीच धरून भोकासमोरची टायरची जागा पकडा. आता चाचपायची जागा सव्वादोन मीटरवरून वीतभर झाली. तिथं टायर बाहेरून आतल्या बाजूला वाकवा, म्हणजे जाडी उघडते आणि टोक डोकं वर काढतं. भुवया काढायच्या चिमट्यानं ओढा. चिमट्याचं टोक जात नसेल तर बाहेरून बारीक सुईनं आत ढकला. मग सगळ्या टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं दुसरा काटा आहे. ट्यूबचं भोक व्हॉल्व्हच्या बाजूला, म्हणजे रिमकडच्या अंगाला असेल, तर काटा शोधत बसू नका. तिथं रिमची पट्टी सरकलेली असते आणि आरीचं भोक ट्यूब कापतं.

पॅच लावताना सगळ्यात मोठी चूक घाईची. पॉलिश पेपरनं पॅचपेक्षा मोठी जागा घासा, सोल्यूशन पातळ पसरवा आणि पाच मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकटता कामा नये. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच त्या वेळी बसल्यासारखा वाटतो आणि दुपारी रस्ता तापला की कडेनं सुटतो. स्वतः चिकटणारे छोटे पॅच याच कारणानं आपल्याकडच्या उन्हात फक्त पुढच्या गावापुरते धरावेत.

बरोबर काय हवं : माणशी दोन ट्यूब, आठ पॅच, सोल्यूशनच्या दोन नळ्या (उघडलेली नळी आठवड्यात वाळते), पॉलिश पेपर, चिमटा, सुई, दोन टायर लिव्हर, पंप. व्हॉल्व्हचा गाभा निघणाऱ्या ट्यूबमध्ये साठ मिलिलिटर सीलंट आधीच भरून नेलं तर सराट्याची भोकं बहुतेक परस्पर बुजतात. लांब बाभळीचा काटा आरपार जाऊन रिमकडं दुसरं भोक पाडतो, तिथं ते हरतं.

गावातल्या पंक्चरवाल्याकडं प्रेस्टा व्हॉल्व्हची (बारीक, टोकाला नट असलेल्या व्हॉल्व्हची) सायकल नेलीत तर हवेची पिन बसत नाही. चाळीस-पन्नास रुपयांचा पितळी अडॅप्टर बरोबर ठेवा आणि तो चढवण्याआधी व्हॉल्व्हचं टोकावरचं नट सैल करा. त्याचा कॉम्प्रेसर ट्रॅक्टर-ट्रकसाठी असतो. पिन दाबून धरली तर दोन-तीन सेकंदांत सायकलची ट्यूब फाटते. टुचूक-टुचूक भरा आणि मधे अंगठ्यानं बघा. ३५ मिलिमीटरच्या टायरला, बारा-पंधरा किलो सामान मागं असताना, मागच्या चाकात साठच्या आसपास आणि पुढच्यात पन्नास पीएसआय पुरतात. मातीच्या रस्त्यावर दोन्हीकडं दहा कमी करा.

आणि शेवटचे दोनशे मीटर सायकल उचलून न्या किंवा गाडीवाटेच्या चाकोरीतून ढकला. अंगणात आल्यावर दोन्ही चाकं एकदा सावकाश फिरवून हाताला लागेल ते काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : आमचं घर पलूसजवळ मळ्यात आहे. पुतण्याचे चार मित्र सायकलवरून येणार आहेत. मुलांना काय लागतं, सायकली कुठं ठेवायच्या, काही कळत नाही. घरात एकच न्हाणीघर आहे.
— एक गृहिणी, पलूस तालुका

ताई, न्हाणीघर एक आहे तर पुरे. चौघं आल्या आल्या आंघोळ मागतील, कारण घाम सुकून अंगावर मीठ बसलेलं असतं. चार बादल्या कढत पाण्याची सोय बंबात आधी करून ठेवा आणि "एकेक जण आटपा, मग चहा" असं सरळ सांगा. त्यांनाही बरं वाटतं.

चहाआधी ताक द्या, मीठ घालून, दोन-दोन ग्लास. दिवसभर घाम गेल्यावर नुसतं पाणी पिऊन डोकं दुखतं, ताकानं उतरतं. जेवणाचं म्हणाल तर एरवी दोन भाकरी खाणारा मुलगा त्या दिवशी चार खातो. शाळूची भाकरी, आमटी, भात, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही एवढं भरपूर आहे. पुरणपोळीचा घाट घालू नका. तिखट मात्र वेगळं वाढा. आपल्याकडच्या खर्ड्याची सवय नसलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी सीटवर बसून सत्तर किलोमीटर जायचं असतं, याहून स्पष्ट लिहीत नाही. जेवण आठाच्या आत झालं तर उत्तम, ती मुलं नऊला आडवी होतील. सकाळी साडेपाच-सहाला निघायचं म्हणतील. त्यांना त्या वेळी पोहे करून घालायचे तर तुमची धार चुकेल. रात्रीच सहा-आठ भाकऱ्या, गुळाचा खडा आणि चटणी बांधून ठेवा. तेच त्यांना रस्त्यात जास्त कामाला येतं.

सायकली सोप्यात किंवा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये लावायला सांगा, गोठ्याजवळ नको. हँडलच्या मुठींना घामाचं मीठ असतं. वासरू सुटलं तर चाटता चाटता फोमची पट्टी चावून टाकतं, आणि ते त्याच्या पोटातही जायला नको. पोत्यांच्या खोलीतही सायकल ठेवू नये. पिशवीत बिस्किटं, खजूर असतातच, उंदीर पिशवीला भोक पाडून घेतात. खाण्याच्या पिशव्या काढून खुंटीला टांगायला लावा.

झोपायला खाट द्या. पाहुणे "आम्ही खालीच झोपतो" म्हणतील, तरी ऐकू नका. धान्य असलेल्या घरात उंदीर आणि उंदरांमागं साप हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. खाटा कमी पडल्या तर मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून द्या आणि उठताना बॅटरी लावायची ताकीद द्या.

फोन चार्ज करायला चौघांचे मिळून आठ-दहा वायरी निघतील. घरातला एक बोर्ड दाखवून द्या. पाण्याची मोटर चालू होताना विजेचा दाब खाली-वर होतो, म्हणून फोन थेट लावण्याऐवजी पॉवर बँक लावा असं सांगा.

प्रश्न : मी मैत्रिणीबरोबर कऱ्हाडहून विट्याकडं सायकलनं जाणार आहे, ओळखीच्या घरी मुक्काम आहे. पैसे द्यायचे का? नाहीतर काय न्यायचं? सायकलवर जड काही नेता येत नाही.
— एक वाचक, पुणे

यजमानाच्या हातावर पैसे ठेवू नका, त्याला राग येईल आणि तो खरा असेल. घरात लहान मूल असेल तर निघताना त्याच्या हातात "खाऊला" म्हणून शंभर-दोनशे ठेवता येतात. आई "कशाला, कशाला" म्हणेल, पण ही रीत सगळ्यांना ठाऊक असते. कृषी पर्यटन केंद्र असेल तर प्रश्नच नाही, तिथं दर विचारून पैसे द्यायचेच. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून अशी केंद्रं रीतसर नोंदवता येतात. नात्याच्या घरी आणि केंद्रात वागणं एकसारखं ठेवलं की घोटाळा होतो.

भेटवस्तू शेवटच्या मोठ्या गावात घ्या, पुण्याहून वाहून आणू नका. अर्धा किलो चहा पावडर, किंवा केळी-सफरचंदं. साताऱ्यावरून आलात तर कंदी पेढा, पण तो उन्हात पॅनियरमध्ये (मागच्या चाकाच्या बाजूला टांगलेल्या पिशवीत) दोन दिवस ठेवला तर आंबूस होतो. तासगावला द्राक्षं-बेदाणे आणि आटपाडीला डाळिंबं न्यायची नाहीत, हे सांगायला नको होतं, पण लोक नेतात.

तुम्ही दोघी आहात म्हणून आणखी एक. निघताना आजी किंवा वहिनी हळदीकुंकू लावून ओटी भरतील : खण, नारळ, ओंजळभर गहू किंवा तांदूळ. सायकलवर जागा नाही म्हणून नाही म्हणू नका, त्या घराला ते लागतं. ओढणी किंवा टॉवेल पुढं धरा, घ्या, वाकून नमस्कार करा. दोघींचे दोन नारळ म्हणजे किलोभर वजन. ते दोन्ही बाजूंच्या पॅनियरच्या तळाशी एकेक टाका. दोन्ही एकीकडं टाकलेत तर उतारावर हँडल ओढतं. वरच्या ट्रंकबॅगवर तर मुळीच नको, तिथं ते सुटून चाकात जातात.

हाक मारताना मोठ्या माणसाला आबा, तात्या, अण्णा, जे घरातले म्हणतात तेच. बायकांना मावशी, काकू, वहिनी. "आंटी" इथं कुणाला लागत नाही असं नाही.

जेवताना आग्रह होणार. नको असेल ते ताटात पडण्याआधी ताटावर हात आडवा धरून "अर्धीच" म्हणा. पूर्ण भाकरी घेऊन टाकली तर वाईट दिसतं. जत-आटपाडी-माणमध्ये उन्हाळ्यात जात असाल तर आंघोळीला अर्धी बादली आणि सायकल धुणं नाहीच. पाणी कुठून येतं ते आधी बघा. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी बऱ्याच गावांत पोचलंय, तरी कालव्याला आवर्तन असतं आणि दोन आवर्तनांमध्ये विहीर खाली जाते.

प्रश्न : उसाच्या ट्रॅक्टरांची भीती वाटते. इस्लामपूर-आष्टा बाजूला जानेवारीत जायचंय.
— एक वाचक, नाशिक

भीती रास्त आहे. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चपर्यंत, या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. गाण्यांच्या आवाजात ड्रायव्हरला घंटी ऐकू येत नाही आणि ट्रॉलीच्या बाजूनं ऊस हातभर बाहेर आलेला असतो, तो खांद्याच्या उंचीवर लागतो. ओव्हरटेक करायचाच तर सपाटीवर, समोरचा रस्ता मोकळा दिसत असताना, दीड मीटर अंतर ठेवून. चढावर कधीच नाही आणि त्याच्या मागंही चिकटून नाही. ओझ्यानं पुढची चाकं उचलली जातात, जोडाची पिन निसटली तर ट्रॉली मागं येते. तीस-चाळीस मीटर अंतर ठेवा, नाहीतर थांबून रस घ्या.

अंधार पडल्यावर या रस्त्यावर असूच नका. बंद पडलेल्या ट्रॉलीला दिवा नसतो, मागं लावलेला दगड तेवढा असतो. कारखान्याच्या चार-पाच किलोमीटरच्या आत रस्त्यावर सांडलेल्या उसाची चिपाडं चिरडून बसतात. पहाटेच्या दवात ती साबणासारखी होतात, तिथं वळणावर ब्रेक दाबायचा नाही. वेग आधीच कमी करा.

पावसाळ्याबद्दलही दोघांनी विचारलंय, त्यांना थोडक्यात : जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची गावं टाळा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. पाणी चाळिसाकडं सरकायला लागलं की काठचे रस्ते एकेक करून बंद होतात आणि ज्यांच्या घरी तुम्ही जाणार तेच जनावरं हलवण्याच्या गडबडीत असतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी हे दाखवून दिलंय. शिवाय काळी माती. ओली असताना तीस मीटर सायकल ढकलली तर मडगार्ड आणि टायरमध्ये ती सिमेंटसारखी ठासून बसते, चाक फिरत नाही. अशा वेळी खांद्यावर घ्या. अडकलीच तर ओली असतानाच काटकीनं काढा. वाळल्यावर काढताना मडगार्डच तुटतो. मोटारीच्या जोराच्या पाण्यानं धुवायची सोय सगळीकडं असते, पण ती धार हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पॅडलच्या आसावर) मारू नका, ग्रीस निघून जातं.

प्रश्न : ओळखीचं कुणीच नसेल आणि तंबू असेल तर शेतात टाकता येतो का?
— एक वाचक, डोंबिवली

विचारून टाकता येतो. न विचारता टाकलात तर रात्री बाराला कुणीतरी काठी घेऊन येईल, आणि ते बरोबरच असेल, कारण पाण्याच्या मोटारी-केबल चोरीला जातात.

दिवस असताना गावात शिरा. देवळाच्या पारावर किंवा डेअरीसमोर संध्याकाळी माणसं असतातच. "रामराम" म्हणून आधी गाव सांगा, मग कुठून कुठं चाललात ते, मग मुक्कामाचं. "कुणाकडचं पावणं?" असं विचारतील, त्याला "कुणाकडचे नाही" हे खरं उत्तर चालतं. देवळाची ओवरी, समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा सुचवतील. तंबूपेक्षा ते बरं. पोलीस पाटलांना नाव आणि फोन देऊन ठेवा. आधारकार्डाची झेरॉक्स बरोबर असली की बोलणं लवकर संपतं.

वस्तीकडं जाताना कुत्र्यांसाठी शंभर पावलं अलीकडेच सायकलवरून उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे ठेवा आणि मोठ्यानं हाक द्या, "कोण हाय का घरात?" मालकाचा आवाज आला की कुत्रं गप्प बसतं. पळू नका. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. हळद-चुना भरू देऊ नका, कितीही प्रेमानं आणला तरी.

शेतात जागा मिळाली तर तंबू उसाच्या कडेला नको, विहिरीच्या कठड्याजवळ नको, आणि कितीही मऊ दिसली तरी नांगरलेल्या रानातल्या सरीत तर नकोच. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते, काही आठवडे ती रात्रीची असते. बऱ्याच मोटारींना ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की माणूस झोपलेला असला तरी मोटर आपोआप सुरू होते आणि पाणी पाटानं ठरल्या सरीत जातं. म्हणून मालकाला एवढंच विचारा, "आज रातच्याला पाणी कुठल्या रानाला हाय?" तो जिकडं हात करेल, त्याच्या उलट्या अंगाला, बांधापेक्षा वीतभर उंच जागेवर तंबू ठोका. सायकलही उभीच ठेवा. आडवी टाकलीत तर पहाटे डिरेलर (गिअर बदलणारा भाग) गाळात सापडेल.